प्रिन्सक्विलो: दोन मैलांचा दम आणि लेकींतून उतरलेला वारसा

१९४३ साली न्यूयॉर्कची जॉकी क्लब गोल्ड कप ही शर्यत दोन मैलांची, म्हणजे ३,२१९ मीटरची होती. पुण्यात धावली जाणारी इंडियन सेंट लेजर २,८०० मीटरची असते आणि आपल्याकडच्या क्लासिक शर्यतींत तीच सर्वांत लांब. ती जिथे संपते तिथून आणखी चारशे मीटर पळायचे, असा हा पल्ला. त्या वर्षीचा गोल्ड कप प्रिन्सक्विलो नावाच्या तीन वर्षांच्या घोड्याने जिंकला. आदल्या वर्षी हाच घोडा क्लेमिंग शर्यतींत पळत होता; म्हणजे ठरलेली रक्कम भरली की कुणीही त्याला घेऊन जावे, अशा दर्जाच्या शर्यतींत.

पळणे थांबल्यावर तो व्हर्जिनियातल्या एलर्स्ली स्टडवर, म्हणजे पैदाशीच्या फार्मवर, उभा राहिला तेव्हा एका घोडीमागे त्याची फी होती २५० डॉलर. बाजाराचे मत त्या रकमेत आले. अमेरिकेतला पैसा सहा फर्लांग (एक फर्लांग सुमारे २०१ मीटर) ते सव्वा मैलाच्या शर्यतींत, मातीच्या ट्रॅकवर आणि दोन वर्षांच्या वयात तयार होणाऱ्या शिंगरांत होता. उशिरा पिकणाऱ्या, दोन मैलांच्या घोड्याकडे घोडी कोण पाठवणार? तरीही पुढे अमेरिकेच्या ब्रूडमेअर सायरच्या यादीत, म्हणजे ज्याच्या लेकींच्या पोटची शिंगरे वर्षभरात सर्वांत जास्त कमावतात अशा घोड्यांच्या यादीत, तो आठ वेळा पहिला आला: १९६६ ते १९७० सलग, मग १९७२, १९७३ आणि १९७६. स्वतःच्या शिंगरांच्या कमाईवर तो पहिला आला दोनदाच, १९५७ आणि १९५८ मध्ये. त्याचा दम मुलांपेक्षा लेकींतून पुढे गेला, आणि वेगवान रक्ताशी गाठ पडली तिथेच त्याचे खरे सोने झाले. हे का झाले आणि त्यातले किती खरे, किती योगायोग, हे या प्रकरणात तपासायचे आहे.

घराणे: दमाचाच वारसा, पण विरळ झालेला

प्रिन्सक्विलोची बापाकडची रांग थेट सेंट सायमनपर्यंत जाते. सेंट सायमन १८८१ चा, एकही शर्यत न हरलेला. १८८४ चा अ‍ॅस्कॉट गोल्ड कप, अडीच मैलांचा, त्याने वीस लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढे अंतर) मारला. सायर, म्हणजे शिंगरांचा बाप, म्हणून तो इंग्लंडमध्ये नऊ वेळा पहिला आला. त्याचा मुलगा पर्सिमन याने १८९६ ची डर्बी आणि सेंट लेजर जिंकली व पुढच्या वर्षी अ‍ॅस्कॉट गोल्ड कप. पर्सिमनचा मुलगा प्रिन्स पॅलेटाइन १९१२ आणि १९१३ असा दोनदा तोच कप घेऊन गेला. त्याचा मुलगा रोझ प्रिन्स, आणि त्याचा मुलगा प्रिन्स रोझ. हा प्रिन्स रोझ बेल्जियममध्ये पळाला, २० पैकी १६ शर्यती जिंकला आणि १९३१ च्या पॅरिसच्या आर्क द ट्रिऑम्फ शर्यतीत तिसरा आला. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या लढाईत तोफगोळ्यांनी तो मेला.

सलग गोल्ड कप जिंकणाऱ्यांची ही रांग पाहून कुणालाही वाटेल की दम असाच बापाकडून मुलाकडे उतरत जातो. इंग्लंडात नेमके उलटे झाले. सेंट सायमनच्या मुलांनी आणि लेकींनी तिथले स्टड इतके भरून गेले की त्याच्या घराण्यातल्या घोड्याला त्याच घराण्याबाहेरची चांगली घोडी मिळणे अवघड झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर ही रांग इंग्लंडात झपाट्याने खाली आली. प्रिन्सक्विलोची फांदी जगली ती बेल्जियम, फ्रान्स आणि नंतर अमेरिका अशा ठिकाणी, जिथल्या घोड्यांत हे रक्त गच्च भरलेले नव्हते.

आई कॉस्क्विला ही पपायरसची मुलगी. पपायरस १९२३ चा एप्सम डर्बी विजेता. त्याच वर्षी त्याला बोटीने न्यूयॉर्कला नेऊन झेव्ह या अमेरिकी घोड्याशी सामना लावला होता आणि चिखलाच्या ट्रॅकवर तो साफ हरला. वीस वर्षांनी त्याच शहरात नातवाने उट्टे काढले म्हणायला हरकत नाही. प्रिन्सक्विलो आईच्या पोटात राहिला फ्रान्समध्ये, जन्मला १९४० साली आयर्लंडमध्ये, आणि युद्धामुळे लहानपणीच समुद्रापार पाठवला गेला.

ट्रॅकवर काय दिसले

अर्जेंटिनाचा ट्रेनर होरॅशियो लुरो याने २,५०० डॉलर भरून त्याला क्लेम केला. (याच लुरोने १९६४ मध्ये नॉर्दर्न डान्सरकडून केंटकी डर्बी जिंकून घेतली.) लुरोने केलेली गोष्ट साधी होती: त्याने पल्ला वाढवला. सहा-सात फर्लांगांत मधल्या जागी येणारा घोडा सव्वा मैलाच्या पुढे वेगळाच दिसू लागला. १९४३ मध्ये त्याने सॅराटोगा हँडिकॅप, पावणेदोन मैलांचा सॅराटोगा कप आणि दोन मैलांचा गोल्ड कप जिंकला. युद्धामुळे त्या वर्षी सॅराटोगाचा मोसम बेलमाँट पार्कवर भरला होता. एकूण ३३ शर्यती, १२ विजय, ५ वेळा दुसरा, ७ वेळा तिसरा. कमाई ९६,५५० डॉलर.

लांब पल्ल्यावर घोडा टिकतो म्हणजे शरीरात काय होते, हे इथे पाहून घेतलेले बरे, कारण पुढचा वाद त्यावरच आहे. उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते. पूर्ण वेगात ते २२० च्या वर जाते आणि त्यापुढे फारसे वाढू शकत नाही. म्हणून एका ठोक्याला किती रक्त फेकले जाते यावर सगळी मदार. घोड्याची प्लीहा तांबड्या पेशींचा साठा राखून असते आणि धावताना तो रक्तात सोडते. रक्तातले पेशींचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासवरून ६० च्या पुढे जाते. भरधाव घोडा एका ढांगेला एकच श्वास घेतो, त्यामुळे लांब आणि संथ ढांग टाकणाऱ्याला श्वासही खोल मिळतो. यात स्वभावही आला. लगाम ओढत पळणारा घोडा कितीही मोठ्या छातीचा असला तरी पहिल्या हजार मीटरमध्येच रिकामा होतो. जॉकीने धरून ठेवला की गपगुमान मागे बसणारा आणि मागितल्यावर देणारा, तोच दोन मैल जातो.

स्टडवर: सुरुवातीच्या घोड्या

स्वस्त फीचा एक फायदा असतो: ज्यांच्याकडे पैसा बेताचा पण नजर आहे अशा लोकांच्या घोड्या येतात. ख्रिस्तोफर चेनरी यांची हिल्डीन ही ७५० डॉलरला घेतलेली घोडी होती. ट्रॅकवर ती काहीही जिंकली नव्हती, पण तिचा बाप बबलिंग ओव्हर १९२६ चा केंटकी डर्बी विजेता होता. हिल्डीन आणि प्रिन्सक्विलो यांचे १९४७ चे शिंगरू म्हणजे हिल प्रिन्स. त्याने १९५० ची प्रीकनेस आणि गोल्ड कप जिंकला आणि त्या वर्षीचा अमेरिकेचा सर्वोत्तम घोडा ठरला. १९४७ चेच दुसरे शिंगरू प्रिन्स सायमन इंग्लंडला गेले आणि १९५० च्या टू थाउजंड गिनीज व डर्बी या दोन्हींत अगदी थोडक्यात दुसरे आले. २५० डॉलरच्या घोड्यासाठी ही सुरुवात डोळे उघडणारी होती. हॅन्कॉक घराण्याने त्याला केंटकीतल्या पॅरिस गावाजवळच्या आपल्या क्लेबोर्न फार्मवर नेले आणि १९६४ मध्ये तो मरेपर्यंत तिथेच होता.

त्याचा सर्वांत मोठा मुलगा राउंड टेबल. त्याची आई नाइट्स डॉटर ही इंग्लंडच्या राजघराण्याच्या स्टडमधून हॅन्कॉकनी विकत घेतलेली, सर कॉस्मोची मुलगी. आणि सर कॉस्मो हे निखळ वेगाचे घराणे. आईकडून झपाटा, बापाकडून दम. राउंड टेबल ६६ वेळा पळाला आणि ४३ वेळा जिंकला, १७,४९,८६९ डॉलर कमावून त्या काळचा जगातला सर्वाधिक कमाईचा घोडा ठरला, आणि १९५८ चा सर्वोत्तम घोडा. एवढ्या शर्यती पळून पाय शाबूत राहिले, हेही बापाचेच देणे मानले जाते. क्लेबोर्नवर ६ एप्रिल १९५४ च्या रात्री राउंड टेबल जन्मला. त्याच रात्री, त्याच फार्मवर, बोल्ड रूलरही जन्मला. या दोघांची नावे पुढे पुन्हा एकत्र येणार आहेत.

नसरुल्लाची मुले, प्रिन्सक्विलोच्या लेकी

क्लेबोर्नचे मालक बुल हॅन्कॉक यांनी १९५० च्या सुमारास नसरुल्ला अमेरिकेत आणला. तोही १९४० चाच, आणि पैदास आगाखान तिसरे यांची. येरवड्याचा आगाखान पॅलेस बांधणारे तेच. नसरुल्लाकडे विजेसारखा वेग होता आणि डोके तापट. त्याचा मुलगा बोल्ड रूलर १९५७ ची प्रीकनेस जिंकला, पण केंटकी डर्बीत चौथा आला (राउंड टेबल तिसरा) आणि दीड मैलांच्या बेलमाँटमध्ये पुढे जाऊन थकला व तिसरा आला. सायर म्हणून बोल्ड रूलर आठ वेळा अव्वल, पण १९७३ पर्यंत त्याच्या एकाही शिंगराला केंटकी डर्बी जिंकता आली नव्हती. 'मैलापर्यंत राजा, पुढे प्रजा' असे त्याच्या शिंगरांबद्दल म्हणता आले असते.

त्याच फार्मवर आता प्रिन्सक्विलोच्या लेकी पैदाशीच्या वयात आल्या होत्या. जोडणी आपोआप सुचावी अशी. मिस्टी मॉर्न ही प्रिन्सक्विलोची मुलगी स्वतः १९५५ ची तीन वर्षांच्या फिलींतली, म्हणजे तरुण माद्यांतली, सर्वोत्तम. बोल्ड रूलरपासून तिला बोल्ड लॅड आणि सक्सेसर झाले, दोघेही दोन वर्षांच्या घोड्यांत आपापल्या वर्षी अव्वल. इंग्लंडच्या बाजूला नसरुल्लाचा दुसरा मुलगा नेव्हर बेंड आणि प्रिन्सक्विलोची मुलगी मिलान मिल यांचा मिल रीफ १९७१ ची डर्बी, एक्लिप्स, किंग जॉर्ज आणि आर्क असे सगळे एकाच वर्षात जिंकला. नेव्हर बेंड पुढे पळत सुटणारा घोडा होता, केंटकी डर्बीत दुसरा. त्याच्या मुलाने पॅरिसच्या २,४०० मीटरवर बाजी मारली.

आणि समथिंगरॉयल. १९५२ ची, प्रिन्सक्विलोची मुलगी, एकदाच पळाली आणि मागे राहिली. चेनरी यांच्या व्हर्जिनियातल्या मेडो स्टडवर तिने १९५९ मध्ये टर्न-टू पासून सर गेलॉर्ड दिला आणि ३० मार्च १९७० रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, बोल्ड रूलरपासून सिक्रेटेरियट.

१९७३ च्या केंटकी डर्बीत दम आणि वेग यांची गाठ कशी बसली ते घड्याळात दिसते. सव्वा मैलाचे पाच पाव-मैल त्याने असे कापले: २५.२ सेकंद, २४.०, २३.८, २३.४, २३.०. प्रत्येक ४०२ मीटर आधीच्यापेक्षा जलद. साधारण घोडा शेवटच्या पावात मंदावतो आणि जिंकणारा तो, जो इतरांपेक्षा कमी मंदावतो. इथे शेवटचा पावच सर्वांत जलद निघाला. वेळ १:५९.४, आजही विक्रम. पाच आठवड्यांनी बेलमाँटच्या दीड मैलावर, म्हणजे आपल्या इंडियन डर्बीच्या २,४०० मीटरहून जेमतेम चौदा मीटर जास्त पल्ल्यावर, त्याने पहिला मैल १:३४.२ मध्ये मारला, जो स्वतंत्र मैलाच्या शर्यतीलाही चांगला म्हणावा, आणि तरी २:२४ मध्ये ३१ लांबींनी संपवला. त्या वेगाने सुरुवात करून टिकणे ही बोल्ड रूलरच्या एकट्याच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

एवढ्यावर निष्कर्ष काढला तर फसगत होते

या यशोगाथेला लागूनच तीन गोष्टी उभ्या आहेत आणि त्या बाजूला सारता येत नाहीत.

१९६९ मध्ये ऑग्डेन फिप्स आणि ख्रिस्तोफर चेनरी यांची मुलगी पेनी चेनरी यांच्यात नाणेफेक झाली. बोल्ड रूलर फिप्स कुटुंबाचा. फीऐवजी होणारी शिंगरे वाटून घ्यायची, असा करार होता. फिप्स जिंकले आणि त्यांनी समथिंगरॉयलची त्या वर्षीची फिली घेतली. तिचे नाव द ब्राइड. बाप तोच, आई तीच, सिक्रेटेरियटची सख्खी बहीण. ती चार वेळा पळाली आणि एकदाही पहिल्या तिघांत आली नाही. हरलेल्या चेनरींच्या वाट्याला, बाकीच्यांबरोबर, अजून पोटात असलेला सिक्रेटेरियट आला. एकाच जोडीतून इतका फरक पडतो, तर नुसत्या 'क्रॉस'वर, म्हणजे दोन घराण्यांच्या जोडणीवर, पैसे लावणाऱ्याने दहादा विचार करावा.

दुसरी गोष्ट शॅमची. १९७३ मध्ये सिक्रेटेरियटचा सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी तो. डर्बीत अडीच लांबींनी दुसरा. त्याची आई सिक्वॉया, तीही प्रिन्सक्विलोचीच मुलगी. बेलमाँटमध्ये पहिल्या अर्ध्या अंतरात तो सिक्रेटेरियटशी खांद्याला खांदा लावून पळाला आणि पाच घोड्यांत शेवटचा आला. आईचा बाप एकच असलेले दोन घोडे, एक ३१ लांबींनी पहिला आणि एक शेवटचा. दमाचे रक्त असणे आणि तो दम कोणत्या वेगात खर्च करायचा हे जमणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शॅमच्या घराण्यात नसरुल्लाची ती धार नव्हती आणि त्याला वेगाच्या लढाईत ओढले गेले.

तिसरी गोष्ट पैदासकार फार बोलत नाहीत ती. नसरुल्ला आणि प्रिन्सक्विलो दोघे एकाच फार्मवर होते, देशातल्या सर्वोत्तम घोड्या तिथेच येत होत्या, आणि त्या शिंगरांना ट्रेनरही अव्वल मिळत होते. कोणत्याही दोन चांगल्या घोड्यांची रक्ते तिथे मिसळली असती तरी काही थोर शिंगरे निघालीच असती. म्हणून हा क्रॉस तपासताना 'किती विजेते' एवढे मोजून चालत नाही; त्याच घोड्यांनी दुसऱ्या घोड्यांपासून काय दिले ते शेजारी मांडावे लागते. मांडले तर प्रिन्सक्विलोच्या लेकी नसरुल्लाशिवायही उत्तम दिसतात. की ब्रिज या त्याच्या मुलीने अमेरिगोपासून फोर्ट मार्सी दिला (१९७० चा सर्वोत्तम घोडा) आणि ग्राउस्टार्कपासून की टू द मिंट. म्हणजे जादू जोडीत कमी आणि लेकींत जास्त.

लेकींतूनच का? हृदयाचा सिद्धांत आणि त्याची भेग

सर्वांत लोकप्रिय उत्तर एक्स गुणसूत्राचे आहे. घोड्याकडे एकच एक्स असते आणि तो ते जवळजवळ जसेच्या तसे प्रत्येक मुलीला देतो. मुलाला त्याच्याकडून वाय मिळते, एक्स नाही. मोठ्या हृदयाचा गुण एक्सवर बसलेला असेल, तर प्रिन्सक्विलोच्या सगळ्या लेकींकडे तो असणार आणि एकाही मुलाकडे नसणार. १९८९ मध्ये सिक्रेटेरियट मेल्यावर शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. थॉमस स्वेर्चेक यांना त्याचे हृदय अवाढव्य दिसले; त्यांनी ते तोलले नाही, पण अंदाज २२ पौंडांचा केला. शॅमचे त्यांनी तोलले होते: १८ पौंड. साधारण थरोब्रेडचे, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याचे, त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. दोघांची आई प्रिन्सक्विलोची मुलगी, मग सिद्धांत पक्का, असे वाटणे साहजिक आहे.

त्याला भेग पाडतो प्रिन्स जॉन. हा प्रिन्सक्विलोचा मुलगा, आई नॉट अफ्रेड, काउंट फ्लीटची मुलगी. मुलगा म्हणजे बापाचे एक्स त्याच्याकडे नाही. तरीही तो स्वतः चार वेळा अमेरिकेचा अव्वल ब्रूडमेअर सायर झाला. त्याच्या लेकींच्या पोटी रिव्हरमन, कोझीन आणि दोनदा आर्क जिंकलेला अ‍ॅलेज्ड जन्मले. राउंड टेबलचीही तीच गोष्ट: त्याचा मुलगा पोकर, आणि पोकरच्या लेकींच्या पोटी सिअ‍ॅटल स्लू व सिल्व्हर चार्म. सलग दोन मुलांतून आलेल्या या ओळीत प्रिन्सक्विलोचे एक्स कुठेच नाही, तरी लेकींतूनच यश. म्हणजे गुण इतर गुणसूत्रांवरही पसरलेला आहे, आणि 'लेकींचा बाप' होण्याचे कारण निदान अर्धे तरी व्यवहारातले आहे.

ते कारण असे. दमाच्या घोड्याचा मुलगा स्टडवर ठेवायचा तर तो स्वतः मोठ्या शर्यती जिंकलेला हवा, त्याला वर्षाला चाळीस-पन्नास चांगल्या घोड्या मिळायला हव्यात आणि त्याची शिंगरे दुसऱ्या वर्षीच चमकायला हवीत. नाहीतर दोन-तीन मोसमांत त्याची गर्दी ओसरते. मुलीला यातले काहीच लागत नाही. समथिंगरॉयलसारखी एकदा पळून मागे राहिलेलीसुद्धा पैदाशीला राहते, आणि वेगवान घोडा तिच्याकडे आपोआप आणला जातो. दम मुलाकडे असला की त्याला दमाच्याच घोड्या मिळण्याचा धोका. मुलीकडे असला की त्याला वेगाची जोड मिळते.

२०१० मध्ये डब्लिनच्या एमेलिन हिल आणि सहकाऱ्यांनी स्नायूंच्या वाढीशी जोडलेल्या मायोस्टॅटिन जनुकावरचे काम प्रसिद्ध केले, त्याने या जोडीला हिशेब मिळाला. १८ व्या गुणसूत्रावर एका जागी डीएनएचे सी किंवा टी हे अक्षर असते. सी-सी घोडे आखूड पल्ल्याचे, १,६०० मीटरच्या आतले. टी-टी लांब पल्ल्याचे. सी-टी मधले, साधारण १,४०० ते २,४०० मीटरवर खुलणारे. सी-सी घोडा आणि टी-टी घोडी लावली तर प्रत्येक शिंगरू सी-टी निघते, आणि जगातल्या बहुतेक मोठ्या क्लासिक शर्यती याच मधल्या पट्ट्यात येतात. दोन टी-टी एकत्र केले की दरवेळी टी-टीच. दम दमाला लावत गेले की शर्यत अडीच मैलांची लागते, आणि तसल्या शर्यती उरल्यात किती?

वंशावळ वाचताना

लिलावाच्या कॅटलॉगमधल्या पेडिग्रीत, म्हणजे वंशावळीत, दमाचा असा स्रोत शोधायचा तर नुसता सायर आणि आईचा बाप बघून भागत नाही. आधी प्रत्येक पिढीतल्या आईच्या बापांची नावे उभ्या ओळीत लिहून काढावीत. मग त्या घोड्यांनी जिंकलेला सर्वांत लांब पल्ला आणि कोणत्या वयात जिंकला ते समोर लिहावे. दोन वर्षांचा असताना १,२०० मीटर जिंकलेल्याची आणि चार वर्षांचा असताना २,८०० जिंकलेल्याची सरमिसळ करू नये. नंतर त्या घोडीची आधीची शिंगरे: वेगवान सायरपासून जास्त चांगली निघाली की दमाच्या सायरपासून? तिथे उत्तर मिळते. भारतातल्या नोंदी पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटीकडे असतात, त्यामुळे इथल्या घोडीचा सगळा पैदास-इतिहास एका ठिकाणी सापडतो.

डोसेज नावाची मोजणीही लोक वापरतात. चार पिढ्यांतले मान्यताप्राप्त सायर वेगापासून दमापर्यंतच्या पाच वर्गांत टाकायचे, पहिल्या पिढीला १६ गुण, मग ८, ४, २, आणि वेगाच्या बाजूचे गुण दमाच्या बाजूच्या गुणांनी भागायचे. प्रिन्सक्विलोला मध्यम आणि ठोस अशा दोन वर्गांत निम्मे-निम्मे टाकलेले आहे, म्हणजे सिक्रेटेरियटच्या पेडिग्रीत आईचा बाप म्हणून त्याचे आठ गुण चार-चार वाटले जातात. अडचण अशी की घोडीला या मोजणीत शून्य गुण आहेत. समथिंगरॉयलने चार वेगवेगळ्या घोड्यांपासून चांगली शिंगरे दिली हे डोसेजला दिसतच नाही. प्रिन्सक्विलोसारख्या प्रकरणात म्हणूनच हे गणित तोकडे पडते. १९९१ मध्ये स्ट्राइक द गोल्डने 'चारच्या वरचा आकडा केंटकी डर्बी जिंकत नाही' हा डोसेजचा नियम मोडला, तेव्हापासून बहुतेकांनी ते दुय्यम मानले आहे.

आणखी एक, पैशाचे. प्रिन्सक्विलोची समथिंगरॉयल १९५२ ची, तिचा सर गेलॉर्ड १९५९ चा, सिक्रेटेरियट १९७३ मध्ये चमकला. लेकींतून उतरणाऱ्या दमाचे फळ यायला असा वीस वर्षांचा काळ जातो. प्रिन्सक्विलो ब्रूडमेअर सायरच्या यादीत पहिल्यांदा अव्वल आला तेव्हा तो मरून दोन वर्षे झाली होती. यर्लिंग, म्हणजे वर्षाची शिंगरे, विकून वर्षाचा खर्च भागवणाऱ्या फार्मला हे परवडत नाही. लेकी राखून ठेवणाऱ्यालाच परवडते, आणि चेनरी, हॅन्कॉक आणि मिल रीफचे मालक मेलन ही सगळी तशीच घराणी होती.

आज हे रक्त कुठे आहे

बापाकडच्या रांगेत जवळपास संपले. प्रिन्स जॉनची फांदी व्हर्बेटिम आणि मेडोलेकपर्यंत काही काळ तगली, राउंड टेबलची त्याआधीच विरली. सिक्रेटेरियटही सायर म्हणून अपेक्षेपेक्षा कमीच. त्याचे मुलगे स्टडवर चालले नाहीत, पण १९९२ मध्ये तो अव्वल ब्रूडमेअर सायर झाला, म्हणजे आजोबाचीच वाट. त्याच्या लेकी टर्लिंग्वा, सिक्रेटेम आणि वीकेंड सरप्राइज यांच्या पोटी स्टॉर्म कॅट, गॉन वेस्ट आणि ए. पी. इंडी आले.

ए. पी. इंडीची पेडिग्री उघडून प्रिन्सक्विलो मोजला तर तो तीन ठिकाणी सापडतो. बापाकडून सिअ‍ॅटल स्लू, माय चार्मर, पोकर, राउंड टेबल, प्रिन्सक्विलो अशी पाचवी पिढी. आईकडून वीकेंड सरप्राइज, सिक्रेटेरियट, समथिंगरॉयल, प्रिन्सक्विलो अशी चौथी. आणि आईच्याच बाजूने लॅसी डिअर, गे मिसाइल, सर गेलॉर्ड, समथिंगरॉयल, प्रिन्सक्विलो अशी सहावी. एक बत्तिसांश, एक सोळांश आणि एक चौसष्टांश. बेरीज सात चौसष्टांश, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. पन्नास वर्षे आधी जन्मलेल्या एका घोड्यासाठी हा मोठा वाटा आहे.

ए. पी. इंडी १९९२ ची बेलमाँट जिंकला. त्याची मुलगी रॅग्ज टू रिचेस हिने २००७ ची तीच शर्यत मारली. त्याचा मुलगा पुलपिट, आणि पुलपिटचा टॅपिट. टॅपिटच्या शिंगरांनी २०१४, २०१६, २०१७ आणि २०२१ अशा चार बेलमाँट जिंकल्या. ए. पी. इंडीपासून टॅपिटपर्यंतचे दोन्ही टप्पे बापाकडून मुलाकडे गेलेले आहेत, म्हणजे या वाटेने प्रिन्सक्विलोचे एक्स पुढे येऊच शकत नव्हते. नसरुल्ला आणि बोल्ड रूलर यांची बापाकडची रांग अमेरिकेत आज प्रामुख्याने याच घोड्यांतून चालू आहे.